सदर इसमाशी आमचा संबंध नाही

ज्या दिवशी पेपरात माझा फोटो छापून आला, त्या दिवशी चौसाळ्यात तो पेपर घरोघर मीच टाकला. दुसरं कोण टाकणार? गावात त्या दैनिकाचा एजंट मी आणि वार्ताहरही मीच. पहाटे हायवेवर जीपमधून गठ्ठा पडला. सुतळी तोडली, पानं चाळली, तर आतल्या पानावर मोटारपंपाच्या जाहिरातीशेजारी मी. खाली सूचना होती: सदर इसमाचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कुणी व्यवहार केल्यास दैनिक जबाबदार असणार नाही.

या सदर इसमानं त्यांच्यासाठी एसटीच्या खिडक्यांमागे पळत पेपर विकलेत. गाडी सुटता सुटता सुटे पैसे परत करायचे आणि पुढची गाडी गाठायची. तिथून एजन्सी घेतली, मग बातम्या द्यायला लागलो. कुणी बोट धरून आणलं नव्हतं. आणि आता संबंध नाही.

सगळं झालं केळीवरून. स्टँडसमोर माझा एक दोस्त फळांचा गाडा लावतो. त्याचे वडीलही तिथंच विकायचे. माझी बायको गेल्यापासून दिवसातलं माझं सगळ्यात जास्त बोलणं त्या गाड्यावर व्हायचं, आणि ते सगळं भावावरून.

"अबे, केळी घ्यायला आलास का सोयरीक जुळवायला?"

"तुझ्या केळीला सोन्याची साल हाय का?"

"मग सालच ने फुकट. केळं ऱ्हाऊ दे."

शेवटी तो शिवी देऊन माझाच भाव मान्य करायचा आणि वर एक केळं जास्त टाकायचा. मी न खपलेले पेपर त्याला पुड्या बांधायला द्यायचो. त्याचा हिशेब दोघांनीही कधी केला नाही.

एका संध्याकाळी घासाघीस जरा तापली. माझं डोकं लवकर फिरतं, हे स्टँडवर कुणाला सांगायला नको. मी डझन गाड्यावर परत आपटलं आणि ओरडलो, "तुझा गाडाच बंद पाडतो बघ!" तोही ओरडला, "पाड, पाड! उद्या सकाळी येशीलच की!" रिक्षावाले हसले. रोजचंच होतं.

दुसऱ्या दिवशी अन्नभेसळ खात्याची जीप आली. त्यांनी हायवेवरच्या सगळ्या गाड्यांवरून फळांचे नमुने नेले, त्याच्याही गाड्यावरून. मी मोबाईलवरून दोन ओळी पाठवल्या: नमुने घेतले, अहवाल यायचा आहे. बस. सकाळी पेपरात मथळा आला, ‘चौसाळ्यात विषारी केळी!’ त्याखाली ‘आमच्या वार्ताहराकडून’, आणि सोबत कार्यालयात पडून असलेला स्टँडचा जुना फोटो. फोटोत गाडा कुणाचा, ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. विषारी हा शब्द कार्यालयात बसलेल्या कुणीतरी घातला होता. चौसाळा कुठल्या अंगाला आहे, हेही त्याला माहीत नसेल.

दुपारपर्यंत केळीला कुणी हात लावेना. तो पेपर घेऊन माझ्या पेपरच्या दुकानात आला.

"काहून छापलं बे? भावावरून?"

मी मोबाईल काढला, पाठवलेल्या ओळी दाखवल्या. त्यानं वाचल्या. मोबाईल परत दिला.

"हे तुझ्या मोबाईलात हाय. ते समद्या गावात हाय. तू न्हाई लिहिलं ना? मग पेपरात छाप तसं."

एवढंच हवं होतं त्याला. पाहिलं तर मला त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं. त्याच्या केळीचा निकाल प्रयोगशाळा लावणार होती. माझा निकाल फक्त पेपर लावू शकत होता.

मी बीडला दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात गेलो. साहेबांनी चहा मागवला. मी म्हणालो, पहिल्या पानावर खुलासा छापा. ते हसले. मी म्हणालो, बरं, आतल्या पानावर. ते मोबाईल बघायला लागले. मी म्हणालो, एक चौकट. मग म्हणालो, एक ओळ, हवामानाच्या खाली, बारीक अक्षरात. जन्मभर भाव करत आलो, पण समोरच्यानं एकही आकडा न बोलता मला इतकं खाली कधी आणलं नव्हतं.

"अहो, तुम्ही जुने माणूस," साहेब म्हणाले. "आपण चुकलो असं कुठला पेपर छापतो? गावभर दुसऱ्याचं छापायचं आणि आपलं झाकायचं, हा धंदाच आहे. चार दिवस थांबा, लोक विसरतात."

"लोक विसरतील. तो न्हाई विसरणार."

"तो म्हणजे कोण?"

"केळीवाला."

साहेबांना खरंच हसू आलं. मग मी टेबलावर हात आपटला. चहा त्यांच्या कागदांवर सांडला, आणि जे बोलायला नको ते सगळं मी बोललो.

त्याच आठवड्यात फळवाल्यांनी मिळून दैनिकाला वकिलाची नोटीस पाठवली. दैनिकाची दिलगिरी आली नाही. माझा फोटो आला. म्हणजे पेपर स्वच्छ, केलं ते सदर इसमानं.

मी दुसऱ्या दैनिकाच्या वार्ताहराकडे गेलो. आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. "तुमच्या घरातलं आमी छापत न्हाई, आमच्या घरातलं तुमी छापू नका," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानंच दिले. त्यानं पैसे दिल्यावर मी समजलो, माझं काही खरं नाही.

गंमत अशी की वितरण विभागाला माझ्याशी संबंध ठेवायचा होता. वसुली माझी चोख होती. बातमीदार म्हणून मी त्यांचा कुणी नव्हतो, एजंट म्हणून रोज पहाटे गठ्ठा पडत होता. माझा फोटो आला त्या दिवशी तो पेटवून द्यावासा वाटला. पण गठ्ठा पेटवला तर एजन्सी जाते, आणि एजन्सी गेली तर पहाटे उठायचं कशाला? दारोदार माझं तोंड टाकत फिरलो. न्हाव्यानं दुकान उघडता उघडता पान उलटलं.

"फोटो झकास आलाय की. लग्नाचा हाय का?"

फळांच्या गाड्यावर मात्र गेलो नाही.

पुढं अहवाल आला. केळी निर्दोष. मी बातमी पाठवली नाही, पाठवून उपयोग नव्हता. इतर कुणीही ती छापली नाही. निर्दोष केळीची बातमी होत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे पेपरात कुणाचंही अभिनंदन करता येतं. नातू झाला, सरपंच झाला, गाडी घेतली. पैसे दिले की कौतुक छापून येतं. त्याच दैनिकाच्या जाहिरात विभागात मी गेलो. तिथला माणूस बातम्या वाचत नसावा, त्यानं मला ओळखलंच नाही. मी मजकूर दिला: आमच्या मित्राच्या गाड्यावरची केळी सरकारी तपासणीत निर्दोष ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘विषारी’ हा शब्द वार्ताहरानं लिहिलेला नव्हता.

"अभिनंदनात असली ओळ कुठं असते का?" त्यानं ती खोडली.

मी भांडलो, गोड बोललो, मोठी जाहिरात देतो म्हणालो. तो रंगीत छपाई साध्या दरात द्यायला तयार झाला, ओळ घ्यायला नाही. माझ्यापुढं दोनच रस्ते होते, जाहिरात परत घ्यायची किंवा दोस्ताची केळी तेवढी सोडवायची. मी पैसे मोजले.

जाहिरात छान आली. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून माझा फोटो. कार्यालयात होता तोच, सूचनेतला.

आठवडाभरात गाड्यावर गर्दी दिसायला लागली. एका संध्याकाळी मी गेलो. जाहिरातीचं पान त्यानं गाड्याच्या खांबाला चिकटवलं होतं, माझ्या फोटोसकट. मला बघून मान हलवली.

"लई उपकार झाले तुमचे," तो म्हणाला.

तुमचे. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"डझन कसं लावलं?" मी विचारलं. त्यानं सांगितलं. भाव चढाच होता. मी आवाज चढवला, "सोन्याची साल हाय का?" आणि थांबलो. रिक्षावालेही बघायला लागले.

"बरं, मग तुम्हाला जे द्यायचं ते द्या," तो म्हणाला आणि पिशवी पुढं केली.

मी त्यानं सांगितलेला पूर्ण भाव दिला. घरी येऊन केळी मोजली. बरोबर बारा होती.