फेटा बांधेपर्यंत थांबला नाही तो सामना

आमचे मालक कांदा-बटाट्याचे व्यापारी. कबड्डीतलं त्यांना एवढंच कळतं, की सामना टीव्हीवर लागला की संघाचा मालकही दिसतो. मंचरात पगारी संघ काढला तो तेवढ्यासाठी. पहिल्या वर्षी तयार खेळाडू आणले, दुसऱ्या वर्षी ते सगळे दुसऱ्या संघानं उचलून नेले. मग मला, संघाच्या कोचला, बोलावून मोठा शोध लावल्याच्या थाटात म्हणाले, "सर, आता आपण नवी पोरं घडवायची. सहा महिन्यांत चॅम्पियन पायजे."

सहा महिन्यांत साठवणीच्या चाळीतला कांदा सडतो, चॅम्पियन होत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

सराव मार्केट यार्डाच्या शेडमध्ये, लिलाव उरकल्यावर. कितीही झाडलं तरी मॅटवर कांद्याची सालं उडत यायचीच. आणि पोरं? मांडीवर थाप मारून रील काढायची सगळ्यांना घाई. एकाची पकड सुटली तरी चालायची, केस विस्कटलेले चालायचे नाहीत. मालक त्यालाच 'आपला स्टार' म्हणायचे, यावरून त्यांची पारख कळावी.

कामाचं पोरगं एकच निघालं. खोडदचं, लेफ्ट कॉर्नरला पकडीसाठी उभं राहणारं. दिवाळीपर्यंत मोठ्या लीगच्या संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर चाकणला कंपनीत लागायचं, असं त्याच्या घरी ठरलेलं. त्याच्यात खोट एकच, घाई. चढाईवाला आत आला रे आला की हा पायावर झेपावायचा आणि तोंडघशी पडायचा. पावसाळाभर मी त्याला फक्त थांबायला शिकवलं. चढाईवाला परत फिरतो तेव्हा त्याचा मागचा पाय क्षणभर रेंगाळतो, तेव्हाच घोटा धरायचा. मी शिव्या घालायचो, तो पडायचा, उठून म्हणायचा, "सर, अजून एकदा." दुसरं काही मी त्याच्या तोंडून फारसं ऐकलं नाही.

मालकांनी स्पर्धा भरवली तेव्हा मी जुन्या ओळखीनं मोठ्या लीगमधल्या एका संघाच्या निवडकर्त्याला गळ घातली. या एका पोरासाठी. तो म्हणाला, एक सामना बघतो आणि लगेच पुण्याला निघतो. मी त्याला मॅटच्या कडेला, पोराच्या बरोबर समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मालकांना बजावलं, "ह्यांना कुणी उठवायचं नाय. बघू द्या."

"म्हणजे काय, सर," मालक म्हणाले. मालक असं म्हणाले की समजावं, त्यांनी ऐकलेलंच नाही.

पूर्वार्धात चढाया सगळ्या उजव्या बाजूनं झाल्या, पोराच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलंच नाही. उत्तरार्ध सुरू झाला आणि माईकवरून पुकारा आला, पुण्याच्या पाहुण्यांनी व्यासपीठावर येऊन सत्कार स्वीकारावा. दोन कार्यकर्त्यांनी निवडकर्त्याला काखेत हात घालून उठवलं. सामना चालूच. त्याला कॅमेऱ्याकडे तोंड आणि मॅटकडे पाठ करून उभं केलं आणि फेटेवाला कापड गुंडाळू लागला. कबड्डीशी घेणंदेणं नसलेले दहाजण फोटोत घुसले.

नेमकं तेव्हाच समोरच्या संघाचा सगळ्यात भारी चढाईवाला पोराच्या बाजूला आला. पोरगं थांबलं. तो आत आला, पाय नाचवून गेला, पुन्हा आला, तरी थांबलं. तो फिरला आणि ह्यानं घोटा धरला तो सोडलाच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पब्लिक उसळलं. निवडकर्त्यानं मान वळवायला घेतली, तर फेटेवाल्यानं त्याची हनुवटी धरून सरळ केली. "जरा हलू नका, पावणं."

मग शाल, मग नारळ, मग युवकांच्या भविष्यावर मालकांचं भाषण. तोवर सामना संपला. गाडीत बसताना निवडकर्ता मला म्हणाला, "तुमचं पोरगं काही बघायला मिळालं नाही हो. न बघता नाव कसं देऊ? पुढच्या वर्षी बघू." त्यालाही कुणी बांधून ठेवलं नव्हतं. एवढं बोलून गडी मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःचा फेटा बघत बसला.

मालक खुशीत होते. "सर, कसला झाला राव सत्कार."

सत्काराचा फ्लेक्स हायवेच्या कडेला लागला. मधोमध मालक, शेजारी अर्ध्या बांधलेल्या फेट्यातला पाहुणा. दिवाळी झाली तरी तो कुणी उतरवला नाही. एका सकाळी त्याच्याखाली पोरगं दिसलं, पाठीवर सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड. मला बघून त्यानं फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मालकांच्या कोपराखाली, मागं धूसर, मॅटलगत वाकलेला एक डावा गुडघा आणि चढाईवाल्याच्या घोट्याला घट्ट विळखा घातलेले हात दिसत होते. बाकीचा तो मालकांआड गेला होता.

"सर," तो म्हणाला, "ह्यात माजा डावा गुडघा लई वर राहिलाय का?"

मी जवळ जाऊन नीट बघितलं. "नाय," म्हटलं. "बरोबर हाय."

त्यानं मान हलवली. मग कंपनीची बस आली.