काकांचा तर्जुमा

जगात कुणीही काहीही बोललं तरी त्याचा तर्जुमा झाल्याशिवाय ते पुरं होत नाही, अशी माझ्या चुलतसासऱ्यांची श्रद्धा होती. निजामाच्या काळातल्या शाळेत ते उर्दू शिकले आणि पुढे जन्मभर हिंगोलीत तहसिलीसमोरच्या लिंबाखाली बसून जुन्या उर्दू कागदांचं मराठी करत राहिले. लोक पिशवीत गुंडाळून जमिनीचे कागद आणत. काका आधी अख्खा कागद मोठ्याने उर्दूत वाचत. समोरच्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. कुणी कंटाळून कारण विचारलंच तर म्हणत, "ज्यानं लिवलं त्याचं आधी ऐकावं लागते. मंग आपलं." वाळवीने खाल्लेली जागासुद्धा ते सोडत नसत. 'येथील तीन शब्द वाळवीने खाल्ले आहेत, ते मला माहीत नाहीत,' असं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही करत.

ही खोड घरीही सुटत नसे. डॉक्टर काकूंशी मराठीत बोलत आणि काका ते काकूंना पुन्हा मराठीत सांगत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा तर ते दोन्ही पक्षांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. माझी आई म्हणाली, "आमची काही अपेक्षा न्हाई." काका लगेच आपल्या माणसांकडे वळले. "त्यांना पाहिजे हाये, पण तुमी आधी बोलावं म्हणून राहिल्या." आईला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना. त्यानंतर देण्याघेण्याचा विषयच निघाला नाही, आणि माझं लग्न सुखाने पार पडलं. आई मात्र शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी बसायला भीत असे.

माझे सासरे हे काकांचे धाकटे भाऊ. ते डोंगरकडा या गावी शेती बघत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेजाऱ्याशी बांधालगतच्या चार एकरांवरून वाद लागला, तेव्हा घरातला एक जुना उर्दू कागद घेऊन ते मोठ्या आशेने भावाकडे आले. काकांनी नेहमीसारखा तो मोठ्याने वाचला आणि मधली एक ओळ पुन्हा वाचली. ती चार एकर आपल्या आजोबांनीच शेजाऱ्याच्या आजोबांना विकल्याचं त्यात लिहिलेलं होतं. सासरे म्हणाले, "दादा, येवढं एक वाक्य गाळ. कोन वाचतंय आता उर्दू?" काका म्हणाले, "मी वाचलं ना." त्यांनी पुरता तर्जुमा करून दिला. त्या जमिनीत त्यांचा स्वतःचा वाटाही होता, पण ते त्यांनी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मूळ कागद तहसिलीत आधीच दाखवलेला होता, म्हणून तर्जुमाही द्यावा लागला आणि जमीन गेली. सासऱ्यांनी भावाचं घर सोडलं, बोलणं सोडलं. सख्खे भाऊ दहा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

ती दहा वर्षं सरत आली तेव्हा हिंगोलीत नेट आलं होतं आणि माझं टायपिंगचं दुकान होतं. गंमत म्हणून मी एका साइटवर अनुवादकांच्या गटात काकांचं नाव घातलं. तिथे एकदा कुणीतरी विचारलं, 'या कामात तुम्हाला समाधान आहे का?' भराभर उत्तरं आली. एकाने लिहिलं, वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं मराठीत आणून आणून मीच गरगरायला लागलोय. एक दुभाषीण म्हणाली, माझ्या बोलण्यावर दोन परके एकाच वेळी हसले की पोट भरतं. मी सगळं काकांना वाचून दाखवलं. ते ताठ बसले आणि सांगू लागले, "लिवा जावईबापू. समाधान हाये. पन्नास वर्सांत एकबी शब्द पदरचा घातला न्हाई, एकबी गाळला न्हाई." मग म्हणाले, "पुढं लिवा. धाकट्याचा कागद मी बराबर केला. पण त्या दिसापासून घास गोड लागत न्हाई. त्यानं एकडाव घरी यावं. मी उठून दारापस्तोर येतो." आणि हळूच विचारलं, "तुमचा मेव्हना वाचतो ना हे? तो सांगंल बापाला."

मी पहिला भाग लिहिला. दुसरा लिहिला नाही. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला, असं मला वाटलं. "बराबर लिवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "व्हय काका, बराबर."

लोकांनी खूप कौतुक केलं. काका दर आठवड्याला दुकानात येत, ते कौतुक नीट ऐकून घेत आणि विचारत, "अन् डोंगरकड्याहून?" मी नाही म्हणायचो. "शेतीची कामं चालू असतील," असं म्हणून ते उठत. मला लाज वाटायची, पण आता कोणत्या तोंडाने सांगावं, म्हणून मी गप्प बसत गेलो. असं सात-आठ महिने चाललं, आणि एका दुपारी काका गेले.

सासरे मातीला आले. सगळ्यांपासून लांब बसले होते. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "जावई, माह्याबद्दल कधी काई बोल्ला का दादा?" तेव्हा मी त्यांना ते सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं, पंच्याने तोंड पुसलं.

"कवा बोल्ला हे?"

"मागच्या दिवाळीच्या आधी," मी म्हणालो.

पाण्याला न शिवता, तांब्या माझ्याच हातात ठेवून ते उठून गेले. अजूनही ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.