सीमेकडची खिडकी

ओटिलिए क्वेक हिचा जन्म थुरिंगियातील लिंडेनरोट या डोंगराळ गावी झाला. बाहुल्यांचे चेहरे रंगवणे हा तिच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. तिने लग्न केले नाही. धाकटी बहीण रोझालिंडे मात्र ओढ्यापलीकडच्या गावात सून म्हणून गेली. अंतर इतके थोडे होते की, एकीच्या अंगणातून हाक मारली तर दुसरीला ऐकू जाई.

महायुद्ध संपले तेव्हा गावात प्रथम अमेरिकी सैनिक आले. उन्हाळ्यात ते ओढ्यापलीकडे निघून गेले आणि त्यांच्या जागी रशियन आले. नाझींविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या या दोघांचे, सामाईक शत्रू नाहीसा होताच, बिनसले. एकाचे म्हणणे, जमीन आणि कारखाना ज्याचा त्याचा असावा. दुसऱ्याचे म्हणणे, मालक ही जातच नको. सारे कष्टकऱ्यांचे असावे आणि त्यांच्या वतीने पक्षाने कारभार करावा. दुसरा टिकला तर आपण बुडू, ही भीती दोघांनाही सारखीच होती. त्या भीतीपोटी प्रत्येकाने आपल्या बाजूला वेगळे चलन आणले, वेगळे सरकार बसवले आणि शेवटी अणुबाँबचे साठे केले. यांपैकी कोणाचे खरे, हे ओटिलिएला कधीच ठरवता आले नाही. ओढा हीच दोन्ही बाजूंमधली सीमा झाली, त्याच्या काठी काटेरी तारा आल्या आणि हाक मारण्याची सोय संपली, एवढे तिला कळले.

तारा आल्या त्या वर्षी गिरणीवाल्याचे कुटुंब एका सकाळी ट्रकमध्ये घालून नेले. ‘सीमेवर ठेवण्याजोगे नाहीत,’ एवढेच कारण सांगण्यात आले. त्यानंतर गावात ट्रकचा आवाज आला की माणसे बोलता बोलता थांबत.

पुढे बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि गावात नवा हुकूम आला: सीमेकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, तिकडे हात हलवणे किंवा कापड दाखवणे हा इशारा समजला जाईल. शेजारचा अल्विन बोख सीमा पोलिसांचा स्वयंसेवक होता. दंडाला पट्टी बांधून तो घरोघरी खिडक्या तपासत असे. ऑक्टोबरमध्ये तालुक्याच्या गावी पुन्हा ट्रक जमल्याची बातमी आली. त्याच दिवसांत एका दुपारी अल्विन आला, तेव्हा ओटिलिएची वृद्ध आई माडीवर शेवटचे श्वास मोजत होती.

“खिडकी बंद आहे ना गं?” त्याने जिन्यातूनच विचारले.

“वर ये आणि बघ. आई चाललीये.”

तो टोपी काढून दाराशी उभा राहिला. थोड्याच वेळात म्हातारीचा श्वास थांबला. ओटिलिए उठली आणि तिने खिडकीच्या कडीला हात घातला. माणूस गेल्याबरोबर खिडकी उघडावी, नाहीतर आत्मा घरातच कोंडून राहतो, ही ओढ्याच्या दोन्ही बाजूंची जुनी रीत. त्या खोलीला खिडकी एकच होती.

“अगं ए, वेडी झालीस का? ती तिकडची आहे!”

“दुसरी कुठेय? आईला काय जिन्याने पाठवू?”

“तुझ्या आईकडे सीमा ओलांडायचा परवाना आहे का?” अल्विन थट्टेने म्हणाला आणि त्याने जिन्याकडे वळून पाहिले.

तिने खिडकी उघडली. पलीकडच्या शेतात बटाटे काढणाऱ्या बायका होत्या. त्यांतली एक ताठ उभी राहिली. तिने खिडकीकडे पाहिले आणि ती मातीत गुडघ्यांवर बसली. ती रोझालिंडे होती. काही वेळाने पलीकडच्या चर्चमधली मृत्युघंटा वाजू लागली. आता हा इशारा नव्हता, असे कोण मानणार?

सीमा पोलिसांचा अधिकारी संध्याकाळ होण्यापूर्वीच माडीवर आला; अल्विन अजून तिथेच होता. अधिकारी तरुण होता, मोठ्या शहरातला होता.

“इकडे खिडकी उघडते, तिकडे घंटा वाजते. काय कळवलंत, बाई?”

“काही नाही, साहेब. आई गेली. आत्म्यासाठी उघडली.”

“आत्मा!” तो हसला आणि अल्विनकडे वळला. “कॉम्रेड बोख, अशी काही रीत आहे इथे?”

अल्विनने ‘नाही’ म्हटले असते तर ओटिलिएचा निकाल तिथेच लागला असता, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते.

“आहे, साहेब,” तो म्हणाला. “माझा बाप गेला तेव्हा मीही उघडली होती.”

“सीमेकडची?”

“आमच्या घरालाही तिकडचीच खिडकी आहे, साहेब.”

अधिकाऱ्याने त्याच्या दंडावरच्या पट्टीकडे पाहिले आणि तो जिना उतरून गेला.

ओटिलिए रात्रभर आईपाशी बसली. थोडे कपडे बांधून तिने दाराशी ठेवले होते. उजाडता उजाडता ट्रक आला. तिच्या दारापाशी त्याचा वेग कमी झाला, आणि तो पुढे जाऊन शेजारी थांबला. अल्विनच्या बायकोचे रडणे ऐकू आले. भांडी आदळली.

“एवढं तरी राहू द्या हो!” ती कोणाला तरी विनवत होती.

ओटिलिए दाराशी गेली. बाहेर जाऊन अल्विनचा हात धरावा, निदान त्याच्याकडे एकदा पाहावे, असे तिच्या मनात फार आले. परंतु ट्रक दृष्टीआड होईपर्यंत ती दाराला पाठ लावून, श्वास रोखून, उभीच राहिली.