हलका नको, नाजूक करा

गाडीचं नाक वर होतं. नवी कोरी गाडी, पण उभी अशी होती, की मागच्या सीटवर एखादा पैलवान डुलकी घेतोय असं वाटावं. अविनाश हाताची घडी घालून माझ्या दुकानासमोर उभा होता.

"काका, बाबांनी विचारलं, डिकीत दगड भरलेत का?"

मी वाकून बघितलं. मागचं चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा होती.

"रस्त्यावर खड्डा आला की टायर वर घासतो," तो म्हणाला. "आणि शुक्रवारी आई-बाबांना घेऊन तुळजापूरला निघायचंय. मी त्यांना हो म्हणून बसलोय."

रविवार होता. मध्ये चार दिवस.

अविनाश पुण्याचा. कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला म्हणून नुकताच हैदराबादला आलेला. ते दिवसच तसे होते. देशाची दारं उघडली होती, रस्त्यावर रोज नवी गाडी दिसत होती, आणि ज्याचा भाऊ दुबईला तो तिथून स्पीकर मागवत होता. मी सरकारी कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून गौलीगुड्यात गाड्यांच्या साउंड सिस्टिमचं दुकान टाकलं होतं. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं होतं. पण वीस वर्षं मशीनची ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला एक खोका काढणं काय जड, असा माझा हिशोब होता. आत्मविश्वासाची मला कधीच कमतरता नव्हती. आजही नाही.

अविनाशच्या गाडीत मी दोन बारा इंची सबवूफर बसवले होते. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. तो नुसता ठेवून चालत नाही. त्याला हवाबंद लाकडी खोका लागतो, त्याला आम्ही एन्क्लोजर म्हणतो. खोक्याच्या भिंती थरथरल्या की खर्ज फाटतो, म्हणून तो घट्ट हवा. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे खोका भरत होता तीस किलो. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर धरून पन्नास. तेवढं कुठल्याही गाडीला पेलतं.

"चल, एक चक्कर मारू," मी म्हणालो. अविनाशचे आई-वडील पुण्याहून आले होते आणि त्याच्याबरोबर दुकानात आले होते, ते मागे बसले. काचीगुड्याच्या चौकात वळताना मी स्टिअरिंग फिरवलं आणि हाताला काही जोर जाणवलाच नाही. गाडी वळली, पण अंमळ उशिरा, आणि समोरून येणारी ऑटो आमच्या अगदी जवळून गेली. अविनाशच्या आईनं पदर घट्ट धरला. माझ्या हातच्या कामामुळे या बाईचा जीव धोक्यात आला होता, आणि शुक्रवारी हीच गाडी तीन माणसं आणि सामान घेऊन हायवेला लागणार होती.

परत आल्यावर शेजारच्या मेकॅनिकनं लगेच इलाज सांगितला. मागच्या स्प्रिंगांमध्ये रबराचे ठोकळे घाल, गाडी उचलली जाईल. खरं आहे, उचलली जाते. पण पोट आत ओढून घेतल्यानं माणसाचं वजन कमी होत नाही. मी नको म्हणालो. आधी वजन किती आहे ते तर कळू दे.

आम्ही गाडी ट्रकवाल्यांच्या धरमकाट्यावर नेली. फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली आणि आकडा लिहून घेतला. मग सबवूफरसकट खोका उतरवला आणि पुन्हा पुढची चाकं काट्यावर घेतली. आकडा वीस किलोनं वाढला.

"काका, काढलं मागचं आणि वाढलं पुढचं?" अविनाशला कोडं पडलं.

कोडं काही नाही. बागेतला सी-सॉ आठवा. मागची चाकं म्हणजे त्याचा मधला खुंट. खुंटाच्या पलीकडे, डिकीत, वजन ठेवलं की पुढचं टोक वर उचललं जातं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की त्यांची रस्त्यावरची पकड सुटते. स्टिअरिंग हलकं लागलं ते त्यामुळे. म्हणजे माझं शास्त्र बरोबर होतं. पण पन्नास किलोनं पुढचं टोक एवढं उचललं जात नाही. चूक खोक्यात असणार.

दोन्ही सबवूफर काढून रिकामा खोका भंगारवाल्याच्या तराजूवर चढवला. चढवायला तीन माणसं लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकाहत्तर किलो.

खोका बनवला होता यूसुफ मियाँनी. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं सुतारकामाचं दुकान. साठीचे गृहस्थ, पान खाणारे, पण कापलेल्या लाकडावर एक थेंब कधी पडला नाही. त्यांच्या हातासारखा हात मी दुसरा बघितला नाही. मी ड्रॉइंग घेऊन तडक तिथे गेलो.

"मियाँ, बारा एमएमची प्लाय लिहिली होती मी. खोका एकाहत्तर किलो भरला."

त्यांनी रंधा खाली ठेवला. "हौ साब. बारा नक्को बोलके मैं उन्नीस डाला. अंदर से और एक परत डाला. कोनों कू शीशम की पट्टी. तोप का गोला मारे तो बी फूटता नई."

"पण मी तुम्हाला हलका बनवायला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं."

"बोले ना आप. हल्का बनाओ बोले." आता त्यांचा आवाज बदलला. "तीस बरस से दुकान है, कदमसाब. मेरेकू आज तक कोई हल्का माल बनाने कू नई बोला. आप बोले तो मेरेकू बुरा लगा. पर मैं सोंचा, साब नया धंदा खोले, पैसे बचारे होंगे. मैं अपनी तरफ से भारी डाल दिया, आपका नाम खराब नई होना बोलके."

मला म्हणायचं होतं वजन, त्यांनी ऐकली प्रत, तीही पैसे वाचवायला उतरवलेली. मी समजावू लागलो, सी-सॉ सांगितला, धरमकाटा सांगितला. पण प्रत्येक वाक्यात तो शब्द पुन्हा येत होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचं तोंड आणखी बंद होत होतं.

"नक्को साब," ते शेवटी म्हणाले. "हल्का होना तो दूसरे के पास जाओ. मेरे हाथ से नई होता."

दुसरा होता कोण? चार दिवसांत हवाबंद सांधा मारणारा सुतार त्या गल्लीत दुसरा नव्हता. तसाच बरकतपुऱ्याला घरी आलो आणि जेवताना सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. सांगताना थोडा माझा शहाणपणाही मिसळला. की बघ, शिकलेलं नसलं की असं होतं.

सुमननं पोळी वाढली. "शिकलेला कोण नाही तेच बघतेय मी."

"म्हणजे?"

"अहो, सुलतान बाजारात सोनाराला मी कधी 'हलकं मंगळसूत्र दाखवा' म्हटलंय? तो पितळेचं दाखवेल. कमी वजनाचं हवं असेल तर 'नाजूक दाखवा' म्हणतात. मग तो उठून आतल्या कपाटातलं काढतो."

वीस वर्षं ड्रॉइंग काढली, एका शब्दाची जाडी मोजता आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी यूसुफ मियाँकडे हजर झालो. पहिल्यांदा माफी मागितली. मनापासून मागितली, कारण त्यांनी माझ्या नावाची काळजी केली होती आणि मी त्यांच्या हाताचा अपमान केला होता. मग म्हणालो, "मियाँ, एक नाज़ुक काम है."

त्यांनी मान वर केली.

"बारा एमएमच्या भिंती. पण थरथरता कामा नयेत. आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट घालायची, खिडकीच्या गजांसारखी, म्हणजे पातळ भिंतही हलणार नाही. वजन तीसच्या वर जायला नको. येईल का?"

"येईल का म्हणजे?" ते चक्क मराठीत बोलले. मग ड्रॉइंग ओढून घेतलं, उजेडात धरलं. "ये तो कारीगरी का काम है, साब. भारी तो कोई बी बनाता. पहले कायकू नई बोले?"

बुधवारी दुपारी खोका तयार झाला. पट्ट्यांनाही त्यांनी मध्ये गोल भोकं पाडली होती, आणखी वजन वाचावं म्हणून. ते माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. भंगारवाल्याच्या तराजूवर तो भरला अठ्ठावीस किलो. मी बोटानं भिंत वाजवली, दगडासारखी ठक्क वाजली. यूसुफ मियाँ शेजारी उभे राहून छताकडे बघत होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

या वेळी मीही माझी एक चूक सुधारली. आधी खोका डिकीच्या मागच्या टोकाला ठेवला होता, दिसायला छान दिसतो म्हणून. आता तो पुढे सरकवून मागच्या सीटच्या पाठीला टेकवला, म्हणजे मागच्या चाकांच्या शक्य तितका जवळ. तळाशी चार बोल्ट मारून पक्का केला, कारण ब्रेक मारल्यावर सुटलेला खोका सरळ मागे बसलेल्यांच्या पाठीत येतो. मागच्या टायरात कंपनीच्या पुस्तकात भरल्या गाडीसाठी दिलेली हवा भरली. मग अविनाशच्या आई-वडिलांना मागे बसवून पुन्हा काचीगुड्याच्या चौकात वळलो. गाडी सांगितल्याबरोबर वळली. या वेळी त्याच्या आईचा पदर खांद्यावरच होता.

शुक्रवारी ते गेले, सोमवारी परत आले. अविनाश तुळजापूरचा प्रसाद घेऊन दुकानात आला.

"टायर घासला?"

"एकदाही नाही. फक्त बाबा म्हणाले, आवाज कमी कर."

त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

जुना एकाहत्तर किलोचा खोका मी टाकला नाही. स्पीकरची भोकं बुजवून, वर गादी घालून तो दुकानाच्या दाराशी बाकासारखा ठेवला. गिऱ्हाईक त्यावर बसतं आणि हमखास विचारतं, बाक कुणी बनवला, फार मजबूत आहे. मी यूसुफ मियाँचा पत्ता देतो. आणि जाताना एवढंच सांगतो, तिथे गेल्यावर काहीही मागा, फक्त हलकं मागू नका.