ती किंकाळी शालनची होती

नानांचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. "शालनबाई गेल्या," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी श्वासही न घेता जोडलं, "शोकसभेला त्यांचा तो सिनेमातला सीन दाखवू. हॉलमध्ये पडदा आहेच." नाना म्हणजे आमच्या घोडेगावच्या हौशी नाटकमंडळीचे सर्वेसर्वा. काही आठवडे उलटले, तरी राग उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

शालन आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती मूळची निमगाव सावाची, शेतकऱ्याची मुलगी. ती कॉलेजात असताना जवळच्या आणे गावच्या पठारावर एका नामांकित दिग्दर्शकाचं शूटिंग आलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, ते लिहायला पुष्कळ जण आहेत. गर्दीत उभं राहायला आसपासच्या गावांतल्या पोरी नेल्या, त्यांत ही होती आणि हट्टानं तिच्या मागं गेलेला धाकटा भाऊ दत्ता. दिग्दर्शकाला जळत्या झोपडीसमोरच्या मुलीचा चेहरा हवा होता. त्यानं शालनला उभं केलं. झोपडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. तिच्या डोळ्यांतली भीती त्याला खरी वाटेना. शेवटी तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुझा भाऊ आत गेलाय." शालन किंचाळत आगीकडं धावली. दोघांनी तिला मागं ओढलं तोवर कोपर भाजलं होतं. दत्ता पलीकडं जीपमध्ये बिस्किटं खात होता. त्याला तिथं नेऊन बसवलं होतं ते त्याच दिग्दर्शकानं.

ती किंकाळी गाजली. खऱ्याचा ध्यास घेतलेला कलावंत म्हणून त्या माणसावर लेख आले. सिनेमाच्या नामावळीत मात्र शालनचं नाव नव्हतं. ती नोकरीला लागली, लग्न केलं, पोरं वाढवली, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या माणसाच्या ध्यासावर तिनं नाटक लिहिलं. शेवटच्या प्रवेशात दिग्दर्शक "पुन्हा!" म्हणून ओरडत राहतो आणि नटी शांतपणे पाणी पिऊन निघून जाते, एवढंच. नानांना ते पटेना. त्यांनी शेवट बदलला. म्हातारा दिग्दर्शक एकटा रडतो, नटी त्याच्या पाया पडते, पडदा. "लोकांना मोठ्या माणसाची शोकांतिका लागते, बाई," तालमीत ते म्हणाले. शालननं विचारलं, "आणि माझी कुठली, नाना? ती कुणाला लागते?" नानांनी तालीम पुढं चालू केली.

जुन्नरच्या प्रयोगाला ती आजारी होती. पोटातलं दुखणं बळावलं होतं, उभं राहवत नव्हतं, तरी नटीचं काम तिनंच केलं. नाटकात मी नटीला सजवणारी बाई होते, त्यामुळं शेवटच्या प्रवेशात तिच्या शेजारीच उभी. नाना दिग्दर्शक झाले होते. ते रडले आणि पाया पडून घ्यायला दोन पावलं पुढं आले. शालन जागची हलली नाही. "आता मी नाय ओरडणार," असं म्हणून ती पायऱ्या उतरली आणि प्रेक्षकांमधून चालत बाहेर गेली. नाना रंगमंचावर तसेच ताटकळले. त्या दिवसानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत, दवाखान्यात बघायलाही आले नाहीत. आणि शोकसभेत माईक हातात घेऊन म्हणाले, "एवढ्या थोर माणसाचा परीसस्पर्श शालनबाईंना लाभला, हे आपल्या तालुक्याचं भाग्य!"

मग पडदा उजळला. झोपडी पेटली. ती एकोणीस वर्षांची पोर किंचाळली, आणि हॉलमध्ये कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. मी उठणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून दत्ता उठला. आता तोही केस पांढरे झालेला माणूस. त्यानं प्रोजेक्टरची वायर उपटली.

"ते ॲक्टिंग नव्हतं," तो म्हणाला. "माझी बहीण माझ्यासाठी वरडली व्हती. तुमाला दाखवायला न्हाई."

नाना म्हणाले, "दत्ताभाऊ, भावना समजतात, पण कला..."

"भाऊ म्हनू नका मला."

सभा तिथंच संपली. लोक बाहेर चहा पिताना दत्तानं तमाशा केला म्हणत होते. मी नानांना तिथंच सांगितलं की यापुढं तुमच्या मंडळीत मी नाही. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." हो, घेते.

परवा निमगावला गेले होते. दत्ता ओट्यावर मोबाईल हातात धरून बसला होता. "आक्का रोज दिवेलागणीला फोन करायची," तो म्हणाला. "रानातून घरी आलास का, एवढंच इचारायची. घरात फोन आल्यापासून एक दिवस चुकला न्हाई. मी चिडायचो, म्हनायचो, मी काय बारका हाय का आता... आता रोज येळ झाली की हात फोनकडं जातोय, ताई."

"मला करत जा," मी म्हणाले.

आता रोज त्याचा फोन येतो. "आलो, ताई," एवढंच म्हणतो. मी "बरं" म्हणते. फोन ठेवल्यावर मला त्या थोर माणसाचा संताप येतो. एका पोरीला त्यानं जन्मभर भावाची खात्री करून घ्यायला लावलं, आणि लोक त्या थापेला अजून ध्यास म्हणतात.