इथे कोणी वारलं नाही

रिकामं घर विकलं जात नाही, हे आमच्या खाणीच्या गावात, लुआन्श्यात, लहान पोरालासुद्धा माहीत आहे. खाणकामगारांसाठी बांधलेली सगळी घरं एकासारखी एक. त्यातलं वर्षभर बंद पडलेलं घर उघडलं की गिऱ्हाईक आधी नाक वर करून वास घेतं आणि मग विचारतं, "इथे कोणी वारलं का?" म्हणून सियामे दलाल एनेलेसला बोलवायचा. ती गादी, दोन पातेली आणि रेडिओ घेऊन त्या घरात राहायला जायची. घर विकलं गेलं की बिऱ्हाड पाठीवर, पुढच्या घरात. अकरा वर्षं तिनं हेच केलं. डोक्यावर छप्पर फुकट, वर सियामे थोडेफार क्वाचा हातावर ठेवायचा.

तिला एनेलेस म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांची ती म्वेवाची आई. मी शिवणकाम करते, त्यामुळे घरांचे पडदे माझे असायचे, आणि ते नीट परत येतात की नाही हे बघायला मी प्रत्येक घरात डोकवायची. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी दहापर्यंतच, म्हणून ती गिऱ्हाईक नऊला आणवायची आणि बोलता बोलता नळ सोडून द्यायची. फरशीला लाल पॉलिश, अंगणात खराट्याच्या ताज्या रेघा, चुलीवर शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी रटरटत. दोरीवर धुणं, आणि त्यात एक तरी झबलं. भिंतीला तडा असेल तिथे खिडकी नसली तरी पडदा.

"एनेलेस, भिंतीला कोणी पडदा लावतं का?"

"उंदीर खाणाऱ्या मुलखातली तू, तुला काय कळणार भिंतीतलं?"

"आणि तुम्ही माकडं खाणारे! चढ स्टुलावर, तुलाच जमेल."

तिचे लोक बेंबा जमातीचे, माझे एनगोनी. आमच्यात ही थट्टा चालतेच, रागवायचं नसतं. आणि गिऱ्हाइकानं तो प्रश्न विचारला की ती हसून म्हणायची, "छे हो, या घरात नुसती बारशी झाली." सतरा घरांत तिनं हे सांगितलं. त्यातल्या निदान पाच घरांत कोण कधी वारलं ते मला माहीत होतं, तिलाही होतं. तिची पापणी लवायची नाही.

अठराव्या घराचा पत्ता सियामेनं सांगितला तेव्हा आम्ही दोघी माझ्या मशीनपाशी बसलो होतो. चौथी गल्ली, दारात लिंबाचं झाड. सियामे गेल्यावर मी म्हणाले, "जाऊ नकोस."

ते घर तिचंच होतं. खाणीनं घरं कामगारांना विकली तेव्हा तिच्या नवऱ्यानं निवृत्तीचा सगळा पैसा त्यात घातला आणि कागद हातात आल्यावर दोन महिन्यांत तो वारला. छातीत खाणीची धूळ बसली होती. मागच्या खोलीत, हिच्या मांडीवर गेला. पुरून आल्यावर दिराने लॉरी आणली, पलंग, खुर्च्या, दाराचा पडदासुद्धा नेला, आणि चार वर्षांच्या लेकीसकट, म्वेवासकट, हिला त्या लिंबाखाली उभं केलं. विधवेच्या बाजूने कायदा होता म्हणे. आम्हाला कोण सांगणार? बावीस वर्षं झाली त्याला. आता दीरही गेला होता आणि त्याचा मुलगा राजधानीत बसून घर विकत होता. हिला तो ओळखतही नव्हता.

"एकदा आतून बघते," ती म्हणाली आणि गेली.

आठवड्यानं मी पडदे घेऊन गेले तर ही मागच्या दाराशी तसराळ्यात कोमट पाणी ठेवत होती. दुपारचे दोन वाजत आले होते.

"हे कशाला?"

"खाणीतली पाळी सुटते ना आता. म्वेवाचे बाबा येतील." मग माझं तोंड बघून म्हणाली, "येतात गं. पायरीवर बूट आपटतात दोनदा. मग पाय बुडवतात. बोलत नाहीत."

मला बूट ऐकू आले नाहीत. खोटं कशाला सांगू? आम्ही स्वयंपाकघरात बसून चहा घेतला, ती माझ्यासमोरून हलली नाही. निघताना मी मागच्या दारानं गेले. तसराळ्यातलं पाणी काळपट झालं होतं, तळाला गाळ बसलेला. मी घरी जाईपर्यंत मागे वळून बघितलं नाही आणि त्या आठवड्यात माझ्या हातून एक शिवण सरळ आली नाही.

पुढे चार महिने ते घर विकलं गेलं नाही. कसं जाणार? गिऱ्हाईक अकराला बोलवायची, नळ कोरडा. भाजी करपवायची. तड्यावरचा पडदा काढून ठेवला आणि लोकांना त्यात बोट घालून बघा म्हणायची. सियामे कावला.

"आई, तुमच्या हाताला झालंय काय? सतरा घरं विकलीत तुम्ही!"

"घरच वाईट आहे बाळा."

"घर वाईट नाही. पुढच्या वेळी नीट करा, नाहीतर मी दुसरी बाई बघतो."

मी तिला स्पष्ट विचारलं, असं किती दिवस चालवणार? तेव्हा तिनं मनातलं सांगितलं. नवरा येतो याचा तिला आनंद होता, पण तो का येतो तेही तिला कळत होतं. त्याला नाव मिळालं नव्हतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, तेव्हा त्या जिवाला जागा मिळते. दिराच्या घरात पोरं झाली, पण हे नाव कोणी घेतलं नाही, घाबरायचे. नाव दिलं की तो येणार आणि विचारणार, माझं घर कुठे? म्वेवाचा नवरा पडला चर्चवाला, मेलेल्यांची नावं त्याला चालत नव्हती. तिची पोरं जोशुआ, प्रेशस आणि गॉडनोज.

"गॉडनोज!" एनेलेस म्हणाली. "देवाला माहीत असेल, पण माझा नवरा पायरीवरच बसलाय."

मग बुपे आली. पोरसवदा शिक्षिका, नवरा लॉरी चालवणारा, तो तेव्हा सीमेवर अडकलेला. सातवा महिना. मी त्या दिवशी पडद्याची दुमड घालायला तिथेच होते. बुपेनं घर पाहिलं, तडा पाहिला, म्हणाली सिमेंट भरून घेऊ. लिंबं पाहिली. शेवटी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि आत आली नाही.

"आई, खरं सांगा. इथे कोणी वारलं का? माझी दोन गेलीत आधी. भाड्याच्या खोलीत मालकाची बहीण गेली होती, मला मागाहून कळलं. आता परकं कोणी माझ्या पोटाजवळ यायला नको."

एनेलेसला एक शब्द पुरला असता: हो. पोरगी निघून गेली असती आणि ती दुपारचं पाणी तापवत राहिली असती. पण मी तिला ओळखते, म्हणून सांगते: तिनं त्या पोटाकडे बघितलं. दया आली असेल, नाही म्हणत नाही. पण नुसती दया नव्हती. घर या पोरीला गेलं तर नवऱ्याला नाव मिळेल, असा हिशेब मला तिच्या तोंडावर दिसला आणि मला तिचा राग आला. मी तरी कुठे तोंड उघडलं?

"नाही गं," एनेलेस म्हणाली. "इथे कोणी वारलं नाही. कोणीच नाही."

या वेळी ती हसली नाही आणि बारशांचंही बोलली नाही. बुपेनं तिचे हात धरले. पुढच्या महिन्यात घर तिचं झालं, एनेलेस माझ्याकडे राहायला आली, आणि आम्ही दोघी दिवस मोजत बसलो. ती उघडपणे, मी मनात.

मुलगा झाला. आणि रडायला लागला. बाळ असं रडतं तेव्हा त्याला नाव हवं असतं. घरातल्या बायका एकेक नाव कानात सांगून बघतात, बरोबर नाव लागलं की ते गप्प होतं. आठव्या दिवशी बुपेच्या आईनं निरोप पाठवला, आधी राहत होती त्या बाईला घेऊन या.

आम्ही गेलो तर बाळाचा चेहरा काळानिळा. बुपेच्या डोळ्यांखाली खड्डे. तिची आई खमकी होती, तिनं विचारलं, "बाई, माझी मुलगी तुला काय म्हणाली होती? आता खरं बोल. कोण गेलंय इथे?"

"माझा नवरा," एनेलेस म्हणाली. "त्या मागच्या खोलीत."

बुपे जागची उठली. मला वाटलं आता मारते.

"आत्ता बोलते ही!" आई म्हणाली. "घे. घे त्याला. सांग नाव."

एनेलेसनं बाळ घेतलं. मागच्या खोलीत गेली, आम्ही दारात. तिनं तोंड त्याच्या कानाला लावलं आणि म्हणाली, "काबासो." एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. बाळ रडत होतं. तिनं परत सांगितलं, जरा मोठ्यानं. मग खोलीभर फिरत, भिंतींकडे बघत, हाक मारल्यासारखं. बाळाचा आवाज फाटला, तरी थांबलं नाही.

बुपेच्या आईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. या आईचाच एक चुलत मामा होता, नदीत बुडालेला, तो कोणाच्या ध्यानात नव्हता. "मुसोंडा?" तिनं विचारलं. बाळानं एक हुंदका दिला आणि गप्प झालं. बायकांनी जिभा हलवून जो आनंदाचा गजर केला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. बुपे रडत होती. आमच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

आम्ही बाहेर पडलो. निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "खोलीत कोणी नव्हतं. आत पाऊल टाकलं तेव्हाच कळलं मला."

"मग कुठे गेले?"

"बुपेनं विचारलं तेव्हा मी काय म्हटलं होतं?"

"कोणीच वारलं नाही, म्हणालीस."

"म्वेवाचे बाबा तेव्हा ऐकत होते. त्या दिवसानंतर आलेच नाहीत. मी पाणी ठेवत होते, ते तसंच राहायचं. तुला सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मेलेली माणसं एवढं मनाला लावून घेत नाहीत गं."

"हे घ्यायचे," ती म्हणाली. "जिवंत होते तेव्हाही घ्यायचे."