टाकळा निजतो तेव्हा

संध्याकाळी मी टेकडीवर तण उपटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आमच्या निसर्गशाळेचं वृक्षारोपण होतं. 'तण काढा, झाडं लावा' असं पत्रकही मीच लिहिलेलं. तेवढ्यात खालच्या वस्तीतल्या भागामावशी धापा टाकत आल्या.

"अगं पोरी, माझी भाजी काय उपटतेस?"

"मावशी, हे तण आहे."

"तण असेल तुझ्या कागदावर. हा टाकळा! आणि बघ, निजलाय तो. निजलेल्याला हात लावू नये."

खरंच, पानं जोडीजोडीनं मिटत होती. वस्ती उठवणारेही तिला आधी अतिक्रमण म्हणतात, नाव विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं. बघता बघता सगळा उतार मिटला. उद्याचे खड्डे पलीकडच्या उघड्या मुरमात खणायचे ठरवून मी चपला हातात घेतल्या आणि निजलेल्या पानांमधून, पाय न वाजवता, खाली उतरले.